एकाच रस्त्याचे पैसे आपण किती वेळा भरायचे? (ठाणे–नवी मुंबई)

पामबीचचा पादचारी

मंडळी, सल्ला हवाय. नवी मुंबईतल्या एका नोडमध्ये (म्हणजे उपनगरात) राहतो. नोडचं, वॉर्डचं, कुणा साहेबांचं नाव देत नाही. कुणाची अब्रू काढायची नाहीये, काम मार्गी लावायचंय.

सोसायटीसमोरचा आतला रस्ता २०२५च्या उन्हाळ्यात डांबरी झाला. चांगला झाला होता, उगाच खोटं कशाला बोला. दिवाळी उरकली आणि केबलवाल्यांनी कडेने चर खणला. वर माती लोटली, चार पेव्हर ब्लॉक आडवे टाकले आणि गेले. चर खचला, कडेचं डांबर सुटायला लागलं आणि आता अर्ध्या रुंदीपर्यंत खडी वर आलीय. गेल्या आठवड्यात तिथेच नवा फलक उभा राहिला : "अंतर्गत रस्त्याची सुधारणा करणे". कुणाच्या प्रयत्नांतून ते फोटोसकट आहे. रक्कम, ठेकेदार, मुदत या ओळी कोऱ्या.

त्याच सुमारास मालमत्ता कराचं सहामाही बिल आलं. वॉर्ड ऑफिसात विचारलं तर म्हणाले, "त्या कामाचा फंड वेगळा आहे." आमच्या सेक्रेटरींनी सोसायटीच्या लेटरहेडवर माहिती अधिकारात अर्ज टाकला : रस्ता का खराब झाला, जबाबदार कोण, कारवाई का नाही? उत्तर आलं की ही 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही.

आता पुढे काय करायचं? आणि फंड वेगळा म्हणजे नेमका कुणाच्या खिशातला?

---

उगाच एक

काहीही होत नाही. टक्केवारी ठरलेली असते. कर भरा, गप्प बसा, गाडीचे शॉकअप बदला.

---

टेपवाला

पादचारीराव, माझी नोकरी रस्ते मोजण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (उगाच एक, तुमचं निदान बरोबर असेलही. पण टक्केवारीची पावती मिळत नसते, कामाचे कागद मिळतात.)

सेक्रेटरींच्या अर्जाला दोन गोष्टी आडव्या आल्या. माहितीचा अधिकार नागरिकाला आहे, संस्थेला नाही. अर्ज स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्यावरून करा. दुसरं म्हणजे, 'का' विचारलं की हेच उत्तर येणार. माहिती म्हणजे कार्यालयाच्या दप्तरात जे आहे ते. रस्ता का उखडला, हे कुठल्याच फाइलीत लिहिलेलं नसतं. तो किती जाडीचा टाकला, हे मात्र लिहिलेलं असतं, खाली सहीसुद्धा असते.

ते ज्यात लिहितात ती मोजमाप पुस्तिका. आमच्यात सगळे एमबीच म्हणतात. कनिष्ठ अभियंता जागेवर मापं घेतो आणि लांबी, रुंदी, जाडी लिहितो. वरचा अधिकारी तपासून सही करतो आणि मग बिल निघतं. समजा, रस्ता ३०० मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि वरचा थर ५० मिलिमीटर लिहिलाय. म्हणजे १०५ घनमीटर मालाचे पैसे दिले. तुमच्या खचलेल्या चराच्या कडेला डांबराचा काप उघडा पडलाय ना? पट्टी लावा. तिथे ३० मिलिमीटर भरला आणि सगळीकडे तसंच असेल, तर माल पडला ६३ घनमीटर. एका ठिकाणच्या मापावरून आरोप करू नका, पण पट्टी धरून फोटो जरूर काढा. पुढे त्रयस्थ तपासणीची मागणी करताना हा फोटो आणि एमबीचं पान शेजारी लावता येतं.

एमबीपेक्षाही मोलाचा कागद आहे, तो कुणी मागतच नाही. प्रत्येक निविदेत दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या काळात रस्ता बिघडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने नीट करून द्यायचा. तोवर त्याची सुरक्षा अनामत महापालिकेकडे अडकवलेली असते. तेव्हा विचारायचं एवढंच : कालावधी कधी संपतो आणि अनामत परत केली असल्यास कोणत्या तारखेला? कालावधी चालू असताना त्याच रस्त्यावर नवं अंदाजपत्रक मंजूर झालं असेल, तर ते करणाऱ्याला खुलासा द्यावा लागतो. तुमचा 'का' तो अधिकारी मग आपोआप लिहून देतो, तुम्हाला नाही तर त्याच्या वरिष्ठाला.

---

पामबीचचा पादचारी

टेपवाला काका, दंडवत! पण ठेकेदार म्हणेल, माझा रस्ता ठीक होता, केबलवाल्याने बिघडवला.

---

टेपवाला

म्हणणारच, आणि तुमच्या बाबतीत खरंही असेल. पण केबल असो, गॅस असो, वीज असो, रस्ता खणायला परवानगी लागते आणि रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे खणणाऱ्याकडून आधीच भरून घेतात. म्हणजे तुमच्या चराचे पैसे एव्हाना जमा झालेले असायला हवेत. झाले असतील, तर त्यातून चर नीट का बुजवला नाही आणि नव्या कामाच्या अंदाजपत्रकात तीच लांबी पुन्हा का धरली, हा प्रश्न येतो. झालेच नसतील, तर खोदकाम विनापरवाना आहे आणि दंड कुणाला केला ते विचारा.

एकाच तुकड्याचे पैसे असे तीनदा गोळा होऊ शकतात : मूळ कामात आपल्याकडून, खोदाईत कंपनीकडून आणि 'सुधारणे'त परत आपल्याकडून. माझ्या मते टक्केवारीपेक्षा मोठी गळती इथे आहे, कारण इथे कुणी काही चोरलं असं दिसतच नाही. प्रत्येक फाइल आपापल्या जागी चोख असते. फक्त तिन्ही फाइली कुणी एका टेबलावर ठेवत नाही.

---

अकरा महिन्यांचा करार

बाजूचा प्रश्न. मी भाड्याने राहतो, ऐरोली. मालमत्ता कराचं बिल घरमालकाच्या नावावर. आमच्या सोसायटीत मीटिंगला तोंड उघडलं की "तुम्ही टॅक्स भरता का?" असं ऐकवतात. मग मी या धाग्यावर करदाता धरला जातो की नाही?

---

घोडबंदरकर

जातो हो. पहिलं म्हणजे माहिती मागायला कर भरावा लागत नाही, नागरिक असणं पुरतं. दुसरं, तुम्ही भरता, फक्त पावती मिळत नाही. जकात, उपकर, एलबीटी (स्थानिक संस्था कर) हे सगळं २०१७ला जीएसटीत गेलं. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाई देतं. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष, त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ, असा कायदाच आहे. तुमच्या घरभाड्यातून घरमालक मालमत्ता कर भरतो आणि तुमच्या साबणापासून मोबाइलपर्यंतच्या जीएसटीतून ही भरपाई निघते. "टॅक्स भरता का" विचारणाऱ्या काकांना म्हणावं, वाण्याचं बिल बघा.

पादचारींच्या 'फंड वेगळा' या उत्तराचा अर्थही यातच आहे. महापालिकेचा स्वतःचा निधी, आमदार निधी, राज्याचं अनुदान, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), कुठलाही असू शकतो. तिजोऱ्या वेगळ्या, आपण भरणारे तेच. वेगळ्या फंडाचा व्यवहारातला फरक एवढाच की अर्ज कुठे करायचा ते बदलतं. आणि चुकीच्या कार्यालयात गेला तरी घाबरू नका, पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवायचं काम त्यांचं. परत पाठवून देणं कायद्यात बसत नाही.

आता आमची ठाण्याची रड. २०२२च्या एप्रिलपासून घराच्या नोंदणीवर १ टक्का मेट्रो अधिभार आहे. कासारवडवलीची मेट्रो सुरू होण्याच्या आधीपासून आम्ही तो भरतोय. आणि गायमुख–फाउंटन बोगदा व पुढे भाईंदरपर्यंतचा उन्नत मार्ग आठवतोय का? सुमारे १४,००० कोटींच्या निविदा. लार्सन अँड टुब्रोला एमएमआरडीएने तांत्रिक छाननीत बाद ठरवलं, कंपनी कोर्टात गेली आणि सुप्रीम कोर्टात सांगितलं की आमची बोली तीन हजार कोटींहून जास्त कमी होती. कोर्टाने प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर ३० मे २०२५ला एमएमआरडीएने निविदाच रद्द केल्या. छाननीत कोण बरोबर होतं यात मी पडत नाही. मला खुपतं ते वेगळंच. एवढ्या रकमेचा फरक आपल्याला कळला तो एक कंपनी कोर्टात गेली म्हणून. ती गेली नसती तर?

---

उगाच एक

टोल राहिला. १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर सगळीकडे छोट्या गाड्यांना माफ. पेढे वाटले लोकांनी. ठेकेदाराला भरपाई कुठून जाणार, तिजोरीतूनच ना? म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही तोही आता वाशीचा टोल भरतोय.

---

घोडबंदरकर

हे मात्र तुम्ही लाख बोललात.

---

तारीखवाली

ठाणे कोर्टात वकिली करते, पण हा इथला फुकटचा सल्ला आहे, त्याच्या जोरावर भांडायला जाऊ नका.

धागा रस्त्यावर घसरलाय (शब्दशः), पण पादचारींना आलेल्या बिलाकडेही बघा. बिल आलं की आपण खालची बेरीज बघून भरतो. वर सामान्य कर, जललाभ, मलनिःसारण लाभ, रस्ता, अग्निशमन, वृक्ष उपकर अशा ओळी असतात. त्यात शिक्षण उपकर राज्य सरकारचा, १९६२च्या कायद्याखालचा. महापालिका तो वसूल करून पुढे पाठवते. तेव्हा सगळी बेरीज महापालिकेच्या माथी मारू नका. रोजगार हमी उपकर बिगरनिवासी मालमत्तेला लागतो. तो घरगुती बिलात दिसला तर तुमच्या घराचा वापर कागदोपत्री 'व्यावसायिक' लागलाय का, ते आधी तपासा. तळमजल्यावरच्या लोकांच्या बाबतीत हे होतं. आधीच्या मालकाने कधीतरी क्लास चालवलेला असतो आणि नोंद तशीच पडून असते.

करयोग्य मूल्य वार्षिक भाड्यावरून ठरतं आणि त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजावट कायद्यानेच मिळते. मूल्य वाढवायचं तर विशेष नोटीस द्यावी लागते, त्यावर हरकत घेता येते, सुनावणी मिळते. लोक नोटीस फ्रिजवर चिकटवून ठेवतात आणि मुदत संपल्यावर येतात. न्यायालयात अपील करायचं तर ते १५ दिवसांत हवं, आधी तक्रार केलेली हवी आणि मागणीची रक्कम भरलेली हवी. म्हणजे "आधी न्याय द्या, मग भरतो" हे चालत नाही. 'निषेध नोंदवून' भरा आणि लढा. थकवली तर दरमहा २ टक्के शास्ती चढते, आणि अभय योजना (थकबाकीवरची शास्ती माफ करणारी) येईल म्हणून थांबणं हा जुगार आहे. वेळेवर भरणाऱ्याला ही योजना डोळ्यांत खुपते ते योग्यच आहे, असं माझं स्पष्ट मत. प्रामाणिक माणसाला सवलत काय, तर एसएमएसमध्ये धन्यवाद.

खारघर-कामोठेवाल्यांचं उदाहरण वकिलांनाही शिकवणारं आहे. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ला झाली. वसाहतींमध्ये सेवा सिडकोच्या आणि सेवाशुल्कही सिडकोला. मग २०२१मध्ये पालिकेची बिलं आली, ती २०१६पासूनची. एकाच काळाचे दोन ठिकाणी पैसे का, म्हणून लोक रस्त्यावर उतरले, हायकोर्टात गेले. या वादात ज्यांच्याकडे सिडकोच्या पावत्या वर्षवार लावलेल्या होत्या त्यांना निदान नेमकं बोलता आलं, बाकीचे नुसते चिडले. पावत्या टाकू नका. रद्दीचा भाव काय मिळतो!

---

टेपवाला

ताई, खड्ड्यांच्या निकालाचंही सांगा ना. लोकांना माहीतच नाही.

---

तारीखवाली

हो. मुंबई उच्च न्यायालय, १३ ऑक्टोबर २०२५. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना इजेप्रमाणे ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. महापालिका हद्दीत भरपाई ठरवणारी समिती आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची. महत्त्वाचं पुढे आहे : ही रक्कम जबाबदार अधिकारी, अभियंता, ठेकेदार यांच्याकडून वसूल करायची. म्हणजे भरपाई पुन्हा आपल्याच करातून जाऊ नये, हा विचार कोर्टाने केलाय. अपघात झाला तर पोलिसांच्या पंचनाम्यात 'खड्डा' हा शब्द आणि जागा येईल याकडे लक्ष द्या. नुसतं 'गाडी घसरून' लिहिलं की पुढचं सगळं अवघड.

---

व्यवस्थापक

इथे आलेले आणखी दोन प्रतिसाद उडवले आहेत. त्यात एका कनिष्ठ अभियंत्याचं नाव आणि मोबाइल नंबर होता. कागदावर बोला, माणसावर नको.

---

पामबीचचा पादचारी

धन्यवाद मंडळी. अर्जाचा मसुदा केलाय, जरा बघा :

"अमुक सेक्टरमधील अमुक चौक ते अमुक उद्यान या अंतर्गत रस्त्याच्या २०२५ मधील डांबरीकरणाच्या कार्यादेशाची, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांची, अंतिम देयकाची व दोष दायित्व कालावधी नमूद असलेल्या निविदेतील पानाची प्रत मिळावी. सुरक्षा अनामत परत केली असल्यास त्याचा दिनांक मिळावा. सदर रस्त्यावर दिलेले खोदाई परवाने व जमा शुल्काचा तपशील मिळावा. सदर रस्त्याच्या नव्या कामाचे अंदाजपत्रक व प्रशासकीय मंजुरीची प्रत मिळावी. तसेच अशा निष्काळजीपणाबद्दल संबंधितांवर कठोर कारवाई करण्यात यावी."

---

टेपवाला

शेवटचं वाक्य उडवा, ते तक्रारीत शोभतं, अर्जात नाही. त्याच एका वाक्यावर बोट ठेवून तुम्हाला परत पाठवतील. डांबर खरेदीच्या चलनांच्या प्रती वाढवा. चलनावर तारीख, टँकरचा नंबर, वजन असतं. काम झाल्यानंतरच्या तारखेचं चलन जोडलेलं निघालं, तर पुढचं बोलायची गरज उरत नाही.

---

घोडबंदरकर

आपल्या राज्याच्या नियमात अर्ज १५० शब्दांत आणि एका विषयाचा हवा. खोदाईचा विषय ते वेगळा धरतील, म्हणून आधीच दोन अर्ज करा. प्रत्येकाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा ऑनलाइन भरा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. मुदत उलटली की माहिती फुकट द्यावी लागते, हे अपिलात आठवणीने लिहा. त्यांनी पाठवलेलं 'पानामागे २ रुपये भरा' हे पत्र त्या तारखेनंतरचं असेल तर पैसे भरूच नका. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, बेलापूरला. तिथे मात्र धीर धरावा लागतो, खोटी आशा दाखवत नाही.

पण अर्जाच्या आधी एक करून बघा. राज्य सरकारच्या २०१८च्या परिपत्रकाप्रमाणे सोमवारी दुपारी ३ ते ५ स्थानिक संस्थांच्या कार्यालयात नागरिकांना दप्तर बघता येतं. बऱ्याच टेबलांवर हे परिपत्रक कुणी ऐकलेलं नसतं, म्हणून त्याची छापील प्रत खिशात ठेवा. फाइल उघडून बघितली की कुठलं पान मागायचं ते कळतं, उगाच दोनशे पानं मागवावी लागत नाहीत.

---

अकरा महिन्यांचा करार

आणि नगरसेवक? मे २०२०पासून नवी मुंबईत प्रशासकच होते, तेव्हा विचारायलाच कुणी नव्हतं. आता निवडून आलेत, पण प्रभाग चार जणांचा. एकाला भेटलो तर म्हणाले, तो भाग दुसऱ्यांकडे आहे.

---

उगाच एक

तिसरे म्हणाले असतील, चौथ्यांकडे.

---

घोडबंदरकर

ठाण्यातही तेच. कायद्यात असली वाटणी कुठे नाही, चौघेही अख्ख्या प्रभागाचे. त्यामुळे पत्र एकच लिहायचं, वर चौघांची नावं आणि प्रत्येकाला प्रत. चौघांच्या कार्यालयांतून पोच घ्यायची. पत्रात 'लक्ष घालावे' लिहू नका. नगरसेवकाला आयुक्तांना लेखी प्रश्न विचारता येतो, तेव्हा प्रश्नच तयार करून द्या : या रस्त्याचा दोष दायित्व कालावधी कोणत्या दिनांकास संपतो, खोदाईपोटी किती शुल्क जमा झाले, नव्या कामाची प्रशासकीय मंजुरी कोणत्या दिनांकाची? चौघांपैकी एक तरी विरोधी बाकावरचा असेल तर त्याला फोनही करा. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आली की प्रश्न आहे का बघा आणि त्या दिवशी प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसा.

---

पामबीचचा पादचारी

सोमवारी जातोय फाइल बघायला. काका, पट्टी लोखंडी नेऊ की लाकडी चालेल?

---

टेपवाला

फाइल बघायला पट्टी कशाला! वही-पेन न्या, आणि एमबीचा क्रमांक व पान नंबर आधी उतरवून घ्या. तो क्रमांक अर्जात घातला की "अभिलेख आढळून येत नाही" असं लिहायला हात धजत नाही.